दोन विहिणी आणि अलेप्पोची गाडी

शारजा
६ मार्च १९९८

सौ. विहीणबाई विभावरीबाई जगदाळे यांस,
कुमुद निंबाळकर हिचा सप्रेम नमस्कार.

हे पत्र तूरडाळीच्या डब्याखाली ठेवून जाते आहे. तुम्ही या घरात पाऊल ठेवाल तेव्हा मी कराडच्या वाटेवर असेन. पर्णिकाच्या बारशानंतर आपली गाठ पडलेली नाही आणि यापुढे पडेल असं दिसत नाही, कारण माझं विमान सकाळी उडतं आणि तुमचं संध्याकाळी उतरतं. चि. संग्रामने आपल्या दोघींचा तक्ता कॉम्प्युटरवर करून फ्रीजवर लावलाय. तीन महिने मी, तीन महिने तुम्ही. मी गुलाबी, तुम्ही हिरव्या. व्हिजिट व्हिसा तीन महिन्यांच्या वर मिळत नाही, संग्राम पहाटेच रास अल खैमाच्या कारखान्याला निघतो, रुचाची नोकरी हमरिया फ्री झोनमध्ये, आणि चार वर्षांची पोर परक्या बाईच्या हाती द्यायची नाही. तेव्हा राहता राहिल्या दोन आज्या.

काही गोष्टी सांगून ठेवते, राग मानू नका. पर्णिकाला दूध कोमटच लागतं. ती इंग्रजीत उत्तर देते, तुम्ही मराठी सोडू नका. संग्रामच्या डब्यात वांगं देऊ नका. रुचाच्या पोळ्या अजून जाडच होतात. मी सांगितलं तर सासुरवास होतो, तुम्ही आई आहात, तुम्ही सांगा.

आणखी एक. तुम्ही मुलीच्या घरचं खात नाही म्हणून चहा-साखरही पुण्याहून बांधून आणता असं कानावर आलं. हे मला मुळीच पटलेलं नाही. तीन महिने पोर सांभाळायची आणि चहा मात्र स्वतःचा प्यायचा, याला काय म्हणावं?

कळावे,
कुमुद निंबाळकर


शारजा
३ जून १९९८

श्रीमती विहीणबाई कुमुदताई यांस,
विभावरीचा सविनय नमस्कार.

आपल्या सूचना दोनदा वाचल्या आणि सगळ्या पाळल्या, वांग्याची सोडून. संग्रामराव माझ्या हातचं भरलं वांगं दर मंगळवारी मागून खातात. आपल्याला सांगू नका म्हणाले होते, पण विहीणबाईंपासून लपवाछपवी बरी नाही. पोळ्यांचं म्हणाल तर रुचाला मीच शिकवल्या आहेत, तेव्हा दोष माझा.

चहाचं आमच्या आईने घालून दिलेलं आहे. पटत मलाही नाही, पण तुटत नाही.

पर्णिकाला मी एक चित्रांचं पुस्तक आणलंय, आगगाड्यांचं. या देशात रूळच नाहीत, त्यामुळे तिला गाडी म्हणजे गोष्टीतला प्राणी वाटतो, पऱ्या-राक्षसांसारखा. पुस्तकात एका पानावर झोपायची गाडी आहे. डब्यात निळे पडदे, भिंतीत घडी घालून ठेवलेला पलंग, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं, आणि खिडकीबाहेर दोन देशांमधली चौकी. पोर रोज तेच पान उघडते. काल विचारते, "आजी, डिड यू स्लीप इन धिस वन?" नाही म्हटलं. तर म्हणे, "व्हाय नॉट?"

आता तिला काय सांगू? तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर हात न उचलता अख्खा आशिया काढायचे. कुठल्या देशाला कुठला देश लागून, हे माझ्या विद्यार्थिनींना आजही पाठ असेल. पण जमिनीवरून एकही सीमा मी ओलांडलेली नाही. विमानातून सीमा दिसतच नाही, फक्त ट्रे येतो आणि ट्रे जातो. तशा गाडीत एकदा झोपायचं आणि सकाळी दुसऱ्या देशात उठायचं, एवढी एक इच्छा आहे. घरी कुणाला बोलले नाही. आपल्याला का सांगितलं कोण जाणे. कदाचित आपण समोर नसता म्हणून.

आपली,
विभावरी


शारजा
३० ऑगस्ट १९९८

विहीणबाई,

तुमच्या त्या पुस्तकाने माझा जीव खाल्ला. दुपारी डोळा लागला की पोर पुस्तक छातीवर आणून ठेवते आणि मी त्या गाडीतली गार्डीण व्हायचं असतं. संग्रामने वांग्याचं कबूल केलं. जन्मभर माझ्यासमोर नाक मुरडत आला आणि सासूच्या हातचं गोड लागलं. असो.

तुमच्या इच्छेबद्दल म्हणाल तर आपल्या वयाच्या बायकांनी काशी-रामेश्वर करावं. तेही मला गर्दीमुळे नको वाटतं. परक्या मुलखात रात्री गाडीत झोपायचं आणि चौकीवर शिपाई येऊन उठवणार, यात कसलं सुख? तीस वर्षं खडू हातात धरला की माणसाच्या डोक्यात काय काय येतं.

एक सोय करून ठेवली आहे. इथे टपाल घरी येत नाही, कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर येतं, आणि संग्राम पाकीट हातात नाचवत "कुणाचं गं?" विचारतो. खालच्या किराणावाल्या अलीमियाँनी त्यांचा बॉक्स वापरायला दिलाय. यापुढे पत्र तिकडे पाठवा. लपवण्यासारखं काही नाही, पण दोन म्हाताऱ्यांचं बोलणं जगाने कशाला वाचायचं?

कुमुद


कीश बेट, इराण
१९ मार्च १९९९

विभावरीबाई,

यजमान आत्मारामरावांचा पाय आता कसा आहे? ते जिन्यावरून घसरले, तुम्हाला येता आलं नाही, हे समजण्यासारखं होतं. तुमच्यावर माझा राग नाही. राग कुणावर आहे ते पुढे वाचा.

तुम्ही येणार नाही म्हटल्यावर संग्रामने तक्त्यातला हिरवा पुसून गुलाबी केला. मला विचारलं नाही. माझा व्हिसा संपत होता, म्हणून म्हणाला, "आई, एक दिवसाचं काम आहे. कीशला जायचं, नवीन व्हिसा आला की परत. विमान पाऊण तासाचं." मी ओढणी डोक्यावर घेऊन आले. इथे येऊन कळलं की या बेटावर निम्मी माणसं याच कामाला आलीत. कुणी फिलिपिनो, कुणी केरळचे, कुणी आपले. एका खोलीत चार खाटा. रोज संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत एक मुलगा आलेल्या व्हिसांची नावं पुकारतो. ज्याचं नाव आलं तो नाचतो, बाकीचे परत खोलीत. माझं नाव येत नाही. संग्रामच्या ऑफिसातला माणूस कागद द्यायला विसरला, मग गुरुवार-शुक्रवार सुट्टी लागली. फोन केला की "इन्शाल्ला आई, टुमारो."

पहिले दोन दिवस रडले. मी महिला मंडळाची बारा वर्षं अध्यक्ष, माझ्या नावाने पुकारा व्हायची वाट बघत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली. लक्षात आलं की मी त्या घरात आई नाही, आजी नाही. मी एक व्हिसा आहे. संपला की बदलून आणायचा. तुम्ही दुसरा.

आणि मग तिसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. मला बरं वाटत होतं. कुणी डबा मागत नव्हतं. सकाळी चहा घेऊन समुद्रावर बसले ते दुपारपर्यंत बसूनच होते.

खोलीत कुलसुम नावाची बाई आहे, मूळची भिवंडीची. तिचं दुबईत रास अल खोरला कापडाचं गोदाम आहे. नव्या धंद्याच्या व्हिसासाठी अडकलीय, पण तक्रार नाही, दिवसभर पिस्ते खाते आणि हसते. कापड बघायला ती दर वर्षी सीरियातून तुर्कस्तानला जाते. कशाने, विचारा. गाडीने. अलेप्पोहून इस्तंबूल. मी तुमच्या पुस्तकातलं पान तिला तोंडाने सांगितलं, तर म्हणाली, "ताई, अगदी वही. दोन माणसांची खोली, भिंतीतून पलंग निघतो, कोपऱ्यात बेसिन. सरहद्दीवर तो डब्याचा माणूस पासपोर्ट गोळा करून नेतो. आपण चहा प्यायचा. बाई म्हणून कोणी त्रास देत नाही, मी एकटीने किती वेळा केलंय."

म्हणजे ती गाडी खरी आहे, विभावरीबाई. तुमच्या डोक्यातली नाही. मी तुमची थट्टा केली ती मागे घेते.

आणि आता माझं ऐका. दर तीन महिन्यांनी मला देशाबाहेर जावंच लागतं. कायदाच हाकलतो. मग दार कुठलं, ते मी ठरवीन. आपल्या दोघींची पाळी बदलते त्या वेळी मध्ये दोन आठवडे मोकळे काढायचे, तुम्ही तिकडून या, मी इकडून येते. दमास्कसला भेटू. तिथून अलेप्पो. हो म्हणा.

कुमुद


पुणे
२२ एप्रिल १९९९

श्रीमती कुमुदताईंना सप्रेम नमस्कार,

आपलं कीशचं पत्र मी देवघरात बसून वाचलं, कारण आमच्या घरात दार लावता येईल अशी तेवढीच खोली आहे. किती वेळा वाचलं ते सांगत नाही. आपण परत शारजाला सुखरूप पोचलात हे रुचाच्या फोनवरून कळलं.

यांच्यापाशी विषय काढला. गादीवर पाय ठेवून बसले होते, हसले. म्हणाले, "दोन विहिणी मिळून सहलीला निघाल्या असं कुणी ऐकलंय का? लोक म्हणतील, घरात काहीतरी बिनसलं." मग म्हणाले की तू तीन महिने तिकडे असतेस तेव्हा मी खानावळीचं खातो, आता आणखी दोन आठवडे? त्यात खोटं काही नाही. रुचालाही फोनवर सुचवून बघितलं. ती म्हणाली, "आई, माझं अप्रेझल आहे गं, प्लीज."

आणि मीही विचार केला. आपण मुलाकडच्या. आपण रागावलात तरी आपला मान राहतो. मी रुसले तर त्याचा हिशेब माझ्या मुलीच्या खात्यावर मांडला जातो. आमच्या बाजूने नेहमी वाकूनच राहायचं असतं. आपण समजून घ्याल. पुढेमागे बघू.

आपली,
विभावरी


शारजा
९ मे १९९९

सौ. विभावरी जगदाळे यांस,

पत्र पोचलं. समजून घेतलं.

तीस वर्षं मुलींना भूगोल शिकवलात, पण बाईला घराबाहेरचा नकाशा असतो हे काही शिकवलं नाहीत असं दिसतं. कुणाच्या खात्यावर काय मांडतात ते मला सांगू नका, मांडणारी सासू मीच आहे. मी काही मांडलेलं नाही.

तुमचं पुस्तक कपाटात वर ठेवलं आहे.

कुमुद निंबाळकर


शारजा
१६ जानेवारी २०००

कुमुदताई,

आठ महिने आपण डब्याखाली फक्त दुधाच्या आणि लसीच्या सूचना ठेवल्या. आपण रागावलात ते बरोबरच होतं, आणि मी गप्प राहिले कारण उत्तर नव्हतं. आज आहे.

रुचाला दिवस राहिलेत. सप्टेंबरची तारीख आहे. आपल्याला संग्रामराव फोन करतीलच, पण त्याआधी मी बघितलेलं तुम्हाला सांगते. काल सकाळी स्वयंपाकघरात गेले तर फ्रीजवर नवीन तक्ता. शाई ओली असावी इतका ताजा. मार्च २००० पासून डिसेंबर २००३. गुलाबी, हिरवी, गुलाबी, हिरवी. मध्ये एक पांढरा रकाना नाही. तळाशी लिहिलंय, "जून २००३, आत्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असल्यास आधी कळवावे." माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे मला माहीत नाही, कुमुदताई. त्यांनी धरून ठेवलाय.

रुचाला म्हटलं, बाळाची बातमी मला आधी सांगायचीस की तक्ता आधी लावायचास? ती म्हणाली, "आई, प्लॅनिंग नको का?" वाईट नाही हो पोर, दमलेली असते. जावईही भले आहेत. पण त्यांना आपण संपतो असं वाटतच नाही. नळ सोडला की पाणी यायचंच, तसं.

मी चौऱ्याऐंशी देशांच्या राजधान्या पाठ केल्या त्या काय या तक्त्यासाठी? डिसेंबर २००३ ला मी अडुसष्ट वर्षांची असेन. तेव्हा वरच्या पलंगावर चढता येईल का?

मी नातवंडांना नाही म्हणत नाही. बाळंतपण मीच करणार, पहिलंही मीच केलं. पण त्याआधी जूनमध्ये तुमची पाळी संपते आणि माझी सुरू व्हायची असते. ते दोन आठवडे माझे आहेत. यांना सांगितलंय की खानावळ चांगली बघून ठेवा. त्यांनी फोन ठेवला, आणि रात्री स्वतःच परत लावून म्हणाले, स्वेटर लागेल का विचार.

अजून येता का?

विभावरी

ता. क. आज सकाळी रुचाच्या घरचा चहा प्यायले. साखर जरा जास्त होती.


कराड
८ फेब्रुवारी २०००

विभावरी,

तुझं पत्र वाचून खुर्चीतून उठून उभी राहिले. अहो-जाहो आता मला जमणार नाही, तुलाही करू देणार नाही.

पण खरं सांगते, बातमी ऐकली आणि माझेच पाय मागे यायला लागले. संग्राम फोनवर म्हणाला, "आई, या वेळी मुलगा असेल बघ." माझ्या मनात एक म्हातारी लगेच पाळणा सजवायला बसली. निंबाळकरांचा वंश वगैरे. आमचे हे असते तर पेढे वाटत फिरले असते. अशा दिवसांत सुनेला सोडून मी गाडीत झोपायला गेले तर लोक मला काय म्हणतील? आणि रुचाला खरंच काही झालं तर? सप्टेंबरनंतर जाऊ, बाळ जरा मोठं झालं की. एक वर्ष थांब.

कुमुद


शारजा
२६ फेब्रुवारी २०००

कुमुदताई,

बाळ मोठं झालं की तिसरं होईल. तिसरं नाही झालं तर शाळेत जाईल, शाळेत गेलं तर त्याला डबा लागेल. मला तुम्ही सांगितलंत तेच तुम्हाला परत सांगते, बाईला घराबाहेरचा नकाशा असतो.

रुचाची डॉक्टरीण चांगली आहे, सहावा-सातवा महिना सुखाचा असतो, आणि तिला नवरा आहे. त्याचे दोन हात आहेत, मी बघितलेत.

मी पासपोर्ट पुण्याच्या एजंटकडे द्यायचा म्हणून बाजूला काढून ठेवलाय. तुम्ही कराडात आहात तोवर तुमचाही त्याच्याकडे देऊन टाका. दोन्ही देशांचे शिक्के तोच आणून देईल. नाही दिलात तर मी एकटी जाईन, कुलसुमबाई जातात तशी. पण मला तुमच्याबरोबर जायचं आहे.

विभावरी


शारजा
२५ मे २०००

विभावरी,

पासपोर्टवर शिक्के घेऊनच मी मार्चमध्ये इथे आले होते हे तुला कळवलं होतं. दोन महिने कपाटात साड्यांखाली ठेवला आणि मूग गिळून बसले. काल सांगून टाकलं.

जेवणं झाली होती. संग्राम तक्त्यावर बघत म्हणाला, "आई, तुझं फ्लाइट अकराला बुक करतो, आत्यांचं दहाला, या वेळी एक दिवस ओव्हरलॅप मिळेल, सो नाइस." मी म्हटलं, माझं विमान मुंबईचं नको, दमास्कसचं काढ. आणि विभावरीही दहाला येणार नाही. आम्ही दोघी गाडीने इस्तंबूलला चाललोय, पंचवीसनंतर येईल ती.

आधी हसला. मग माझं तोंड बघून थांबला. युद्ध, दहशतवाद, पाणी, माझे गुडघे, सगळं निघालं. मी प्रत्येकाला उत्तर देत गेले. शेवटी आवाज चढला. "आर यू सिरियस? रुचा प्रेग्नंट आहे. मला नाइट शिफ्ट आहे. दोन आठवडे पर्णिकाला कोण बघणार?"

"तिचे आईवडील," मी म्हटलं.

रुचा उठून भांडी गोळा करायला लागली, मी तिच्या हातातून घेतली नाहीत. पर्णिका मधेच म्हणाली, "कॅन आय कम टू?" तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, पुढच्या वेळी. संग्राम दार आपटून बाहेर गेला आणि उशिरा आला. सकाळी मात्र तिकिटासाठी पासपोर्ट मागून घेतला.

तेव्हा निघायचं ठरलं. पायमोजे घे. लाडू मी करते, तू चकलीचं बघ. आणखी काही झालेलं नाही.

कुमुद


गाडीत, तुर्कस्तानात कोन्याच्या अलीकडे कुठेतरी
१४ जून २०००, सकाळ

विभावरी,

तू वर झोपली आहेस. मी खाली बसून हे लिहिते आहे आणि तुझ्या शिडीच्या कडीत अडकवून ठेवणार आहे. हसू नकोस. चार दिवस झाले आपण बरोबर आहोत आणि आपल्याला बोलता येत नाही. "चहा घेता का", "तुम्ही आधी", "नाही नाही तुम्ही". मांडवात बसल्यासारख्या. दोन वर्षं तुझ्याशी कागदावर बोलले, तोंडाने कसं बोलायचं ते आधी शिकायला हवं होतं.

काल चौकीवर गाडी थांबली तेव्हा तू खिडकीला नाक लावून उभी होतीस. तारेचं कुंपण, एक बकऱ्या चारणारी बाई, आणि पुढे तसलंच कुंपण. तुझ्याकडे बघवेना. तू रडत होतीस आणि मला दिसू नये म्हणून पदर तोंडात धरला होतास. डब्याचा माणूस पासपोर्ट गोळा करायला आला, तर तू त्याला मराठीतच "जरा थांबा हो" म्हणालीस आणि तो थांबला. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

पण तुला एक सांगायचं राहिलंय, आणि आता सांगितल्यावाचून मला पुढची स्टेशनं बघता येणार नाहीत. मी लिहिलं होतं की आणखी काही झालं नाही. झालं होतं. संग्राम रात्री परत आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तो दारात उभा राहून म्हणाला, "जा तू. पण मग तुझा पुढचा व्हिसा मी काढणार नाही. मी तुझा स्पॉन्सर आहे, आई, हे तू विसरलीस."

मी म्हटलं, "नको काढूस."

माझ्या पोटच्या पोराने मला हे ऐकवलं. तो रागात होता, हे मला कळतं. पण तो शब्दाचा पक्का आहे, माझ्यावरच गेलाय. म्हणजे सप्टेंबरात तू बाळाला अंघोळ घालशील आणि मी कराडात फोटोची वाट बघेन. पर्णिका मला परत केव्हा दिसेल, माहीत नाही. निघताना तिने माझ्या पिशवीत तिची बाहुली कोंबली, ती अजून काढून बघितली नाही मी.

तुला आधी सांगितलं नाही कारण तू परत वाकली असतीस. माझ्यासाठी वाकली असतीस. ते मला नको होतं.

आणि तरीही ऐक. रात्रभर मी जागी होते, चाकांच्या आवाजात पडून, आणि एकदाही मनात आलं नाही की येऊ नये होतं. रडू येतं ते येतं. पण परत विचारलं तरी मी "नको काढूस" असंच म्हणेन.

बाहेर पिवळंधमक गव्हाचं रान आहे, संपतच नाही. उठ आता.

कुमुद


त्याच गाडीत, वरच्या पलंगावरून
१४ जून, तासाभराने

कुमुदताई,

तुम्ही तोंड धुवायला गेल्या आहात तोवर लिहिते. चकल्या खाताना उत्तर द्यायला मला जमलं नसतं, माझाही आवाज तोंडावर फुटत नाही.

व्हिसाचं मला माहीत होतं. रुचाने दुसऱ्याच दिवशी फोन केला होता, रडत. तुम्ही लपवलंत, मीही लपवलं, फिटंफाट.

तिला मी काय म्हटलं ते आता ऐका. म्हटलं, बाळंतपणाला आई हवी ना? मी येईन. पण विहीणबाई आधी. त्यांच्या नावाचा व्हिसा निघाल्याशिवाय माझा काढू नका, मी विमानात बसणार नाही. रुचा म्हणाली, "आई, तू माझी आई आहेस की त्यांची वकील?" मी म्हटलं, तुझी आई आहे म्हणूनच सांगते. आज त्यांना दाराबाहेर ठेवलंत तर उद्या तुझा मुलगा तुला ठेवेल, कसं ठेवायचं ते त्याने बघितलेलं असेल. तिने फोन आपटला. पुढचे अडीच आठवडे ना तिचा फोन, ना माझा. मुलीकडची बाई म्हणून जन्मभर वाकले, कुमुदताई, पण बाळंतपण हे एक आमच्या हातात असतं. ते मी पहिल्यांदाच वापरलं. आणि शब्द मागे घेतला नाही.

परवा अलेप्पोत तुम्ही साबण घ्यायला बाजारात गेलात तेव्हा हॉटेलातून मी शारजाला फोन लावला. पोचलो एवढंच सांगायचं होतं. फोन संग्रामरावांनी घेतला. मागे पर्णिका रडत होती, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, काहीतरी करपलं होतं. मग अगदी हळू म्हणाले, "आत्या, आईच्या पासपोर्टची एक्स्पायरी डेट काय आहे? व्हिसा अप्लिकेशनमध्ये भरायची आहे."

मी म्हटलं, त्यांचं त्यांना विचारा. त्या इस्तंबूलला पोचल्या की फोन करतील, करावासा वाटला तर.

तेव्हा बाहुली काढा पिशवीतून. आणि संध्याकाळी उतरल्या उतरल्या फोनकडे धावू नका. दोन दिवस थांबू दे त्याला.

विभावरी